लांगऱ्याचं रेकॉर्ड

पंजाबराव पाटलाच्या बैलाची मठाटी रंगवायचं काम दरवर्षी माझ्याकडेच यायचं. तसा मी मोटरसायकलचा मिस्त्री, युनूस. आर्णी रोडला पिंपळझरीच्या फाट्यावर माझं टिनाचं दुकान आहे. पण रंगाचा फवारा या पाच-सात गावांत माझ्याकडेच, त्यामुळे ट्रॅक्टरच्या मडगार्डपासून देवळाच्या जाळीपर्यंत सगळं माझ्या दारात येऊन पडतं. मठाटी म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलाच्या कपाळावर बांधायचा दागिना. पाटलाची मठाटी जुनी. चामड्याच्या पट्टीवर कवड्या आणि आरसे शिवलेले, मधोमध पाच टोकांची एक चांदणी ठोकून बसवलेली. पाटलाच्या घरी तीन ट्रॅक्टर आहेत. बैलजोडी एकच, आणि तिला वर्षभर काम नाही. बसून खायचं आणि पोळ्याला तोरणाखाली मिरवायचं. मालकाचंही तसंच आहे, फक्त तो पोळ्याची वाट पाहत नाही.

मागच्या श्रावणातली गोष्ट. पाऊस आठ दिवसांपासून दडी मारून बसला होता. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला लागलेली, काळ्या मातीला बारीक भेगा पडायला लागलेल्या, आणि ज्याच्या घरी तण काढायचा डवरा होता तो वावरात होता. पंजाबराव मात्र माझ्या दुकानातल्या बाकड्यावर बसून मठाटीवर डोळा ठेवून होता, जणू मी त्यातली चांदणी गिळूनच टाकणार.

"सोनेरी रंग जाड मारजो रे युनूस. आमच्या घराण्याची मठाटी हाय ते. माह्या बापाच्या हातची."

"जाडच मारतो ना, भाऊ. सात वर्सापासून मारून राह्यलो."

तेवढ्यात तांड्याच्या वाटेनं फुलचंदकाका आला. डावा पाय ओढत, हातात खाकी पाकीट. फुलचंद राठोड आमच्या गावाला लागून असलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यातला, वय शहात्तर. पंधरा वर्षं फौजेत काढून आला, एकाहत्तरची लढाई पाहून आला. गावात सगळे त्याला फौजी म्हणतात, पण म्हणताना गालातल्या गालात हसतात. कारण काका फौजेत लांगरी होता. लांगरी म्हणजे पलटणीचा आचारी.

"मिस्त्री, आलं बापा उत्तर. वाच लवकर."

पत्र हिंदीत होतं, रेकॉर्ड ऑफिसचं, एका वर्षातलं तिसरं. मी हात पुसून वाचलं. आपल्या दाव्याची तपासणी करण्यात आली, आपल्या सेवेच्या नोंदीत नऊ वर्षांच्या सेवेचं एक मेडल सोडून दुसरं मेडल नाही, पुरावा असल्यास पाठवावा. खाली सही, सहीखाली शिक्का, शिक्क्याखाली काही नाही.

"म्हंजे?"

"म्हंजे नाई म्हनते, काका. पुरावा मांगते."

"पुरावा माह्या मांडीत हाय! लोखंडाचा तुकडा हाय, बोराएवढा. कापून पाठवू काय डाकेनं?"

पंजाबराव खो खो हसला. "कायले सायबाइले तरास देतं बे फुलचंद? तू लढला कुठी? आलू सोलत होता तू. आलू सोलल्याचं मेडल भेटलं असतं तं आमच्या घरच्या बायाइच्या आंगावर जागा नसती राह्यली."

"हाव, सोलले आलू." काका शांत बोलायला जातो, पण मिशी थरथरते. "चारशे मानसाचे सोलले. पन ते शिजवून खंदकापोतर कोन नेत होतं, पाटील? तुमी आलते काय डबा घेऊन?"

काकाची हकिकत मी इतक्यांदा ऐकली आहे की मला ती पाठ आहे. पश्चिमेकडची सरहद्द, डिसेंबरची थंडी, पाठीवर डाळीचं भांडं आणि गळ्यात रोट्यांची पिशवी. पुढच्या खंदकाकडे जाताना तोफेचा गोळा फुटला आणि छर्रा मांडीत घुसला. काका सरपटत गेला आणि रोट्या पोचवल्या. डाळ मात्र सांडली. आजही सांगताना जखमेपेक्षा त्याला डाळीचंच दुःख जास्त होतं, आणि गाव नेमकं तिथेच हसतं.

आता हे मेडलचं खूळ म्हातारपणी कशाला, तर त्याला कारण पंजाबराव. गावानं शाळेसमोर एक शिळा बसवायचं ठरवलं होतं, लढाईवर जाऊन आलेल्या गावच्या फौजींची नावं कोरून. कमिटीचा अध्यक्ष अर्थातच पंजाबराव, कारण गावात कमिटी झाली की तो आपोआप अध्यक्ष होतो, जसा पाऊस पडला की गाजरगवत आपोआप उगवतं. त्यानं नियम काढला, ज्याच्या रेकॉर्डवर लढाईचं मेडल त्याचंच नाव. तीन नावं निघाली. त्यातलं एक पाटलाच्या चुलतभावाचं होतं. काकाचं नव्हतं.

"आपन काय कोनाचे दुश्मन हाओत?" पंजाबराव उठता उठता म्हणाला. "कागद आन, नाव टाकतो. रेकॉर्ड पाह्यजे रेकॉर्ड. तोंडानं तं मीबी लाहोर जिकून आलो."

मठाटी रंगवून झाली होती. ती त्यानं दोन बोटांत धरून उन्हात फिरवली, चांदणी चमकली, आणि तो खुशीत निघून गेला. मी मूर्खासारखं त्याच्या मागून म्हटलं, "वाळू द्या भाऊ, बोट नोका लावू."

पंधरा ऑगस्टला शिळा उघडली. पंजाबराव सरहद्दीवर चाळीस मिनिटं बोलला. तो स्वतः नागपूरच्या पलीकडे गेलेला नाही, आणि नागपूरलाही सासरा वारला म्हणून गेला होता. काका इस्त्रीचा सदरा घालून आला, झेंड्याला सलाम केला, शिळेवरची तिन्ही नावं सावकाश वाचली आणि तांड्याकडे निघाला. माझ्या दुकानासमोर थांबला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"मी लढलो म्हनतच नाई ना बापू," तो म्हणाला. "मी तठी होतो, एवढंच म्हनतो. होतो तं होतो म्हना ना! मेल्यावर नातवाइनं त्या गोट्याकडं पाहाव अन् म्हनाव का आपला बुढा खोटं बोलत होता?"

मला राग आला. पाटलाचा आला, रेकॉर्ड ऑफिसचा आला, आणि आजवर काकाच्या डाळीला मीही हसलो होतो त्याचाही आला. दुसऱ्याच दिवशी काकाला गाडीवर मागे बसवून मी फौजींचे कागद पाहणाऱ्या एका ऑफिसात गेलो. बाबू जेवायला गेला होता. पुन्हा गेलो तेव्हा जेवून आला होता, आणि ते जास्त वाईट होतं.

"बाबा, जखम झाली तेव्हाचा कागद आहे का?" त्यानं जांभई देत विचारलं.

"सायेब, लढाई चालू होती."

"ते बरोबर. पण कागद?"

काकानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "चाल मिस्त्री," म्हणाला. "हे तं पंजाबरावपक्षाही शिकेल हाय."

त्यानंतर आठवडाभरानं तांड्यात तीज आली. तिजेला बंजाऱ्यांच्या पोरी टोपलीत गहू पेरतात, नऊ-दहा दिवस त्याला पाणी घालतात, फेर धरून गाणी म्हणतात, आणि शेवटच्या दिवशी म्हाताऱ्याही पेटीतला जुना पोशाख काढून नाचतात. पूर्वीच्या बंजारणींचा पोशाख म्हणजे चालतीबोलती तिजोरी. चोळीला ते कांचळी म्हणतात, आणि तिच्यावर आरसे, कवड्या, चांदीचे रुपये ओळीनं लावलेले असतात. काकाची बायको भुरीबाई सत्तरीला टेकली, तरी नाचायचं म्हणून कांचळी घेऊन माझ्या दुकानात आली.

"मिस्त्री, हे दोन रुपये हालून राह्यले. कड्या झिजल्या. टाका मारून दे बापू, परवा नाचनं हाय."

"सोनाराकडं जा ना काकी. माह्याकडं चेन अन् सायलेन्सर येते."

"सोनार चार दिवस लावते. अन् सांभाळून धरजो बरं," तिनं आवाज खाली केला. "बाकीचे रुपये माह्या मायनं देल्ले. हे दोन यायनं पाठोले होते. फौजेतून. लगन झाल्यावर पह्यल्याच सालात."

नवऱ्याचं नाव न घेता 'यायनं' म्हणताना सत्तरीची भुरीबाई लाजली. माझी माय सुग्राबी दुकानाच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती, ती तोंडाला पदर लावून हसली.

मी पहिला रुपया पक्कडीत धरला. पन्नास वर्षांचा मळ त्याच्यावर. ब्रश पेट्रोलमध्ये बुडवून घासला तर एका अंगाला तीन सिंह निघाले, रुपयावर असतात तसेच. पण रुपयापेक्षा तो जाड होता, आणि काठावर काहीतरी ठोकलेलं होतं. आता काठ पाहायची मला खोड आहे. गाडी दुकानात आली की मी आधी तिचा चेसी नंबर पाहतो, मग मालकाचं तोंड. तोंड खोटं बोलतं, नंबर बोलत नाही. मी अंगठ्यानं काठ पुसला. आकडे होते. आकड्यांपुढे इंग्रजीत नाव होतं, फुलचंद.

तो नंबर मी ओळखला. रेकॉर्ड ऑफिसच्या तिन्ही पत्रांवर डोक्याशी तोच लिहिलेला होता. दुसरा रुपया घासला. तोच नंबर, तेच नाव.

"काकी, काका कुठी हाय?"

"वावरात. डवरा धरून हाय. काहून? फुटला काय रुपया?"

मी गाडीला लाथ मारली आणि धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून, थेट वावरात गेलो. काका पायाला चिखल तसाच घेऊन मागे बसला. दुकानात येऊन त्यानं ते दोन गोल तुकडे तळहातावर घेतले, काठावर नख फिरवलं आणि खाली बाकड्यावर बसला.

"हे संग्राम मेडल," तो म्हणाला. "अन् हे जखमेचं."

हळूहळू सगळा उलगडा झाला. लढाईनंतर पलटण हलली, काकाची बदली झाली, मेडल 'येतील' म्हणून कारकुनानं सांगितलं. काकाला वाटलं, मेडल म्हणजे साहेब परेडमध्ये छातीवर लावतो. ते डाकेनं घरी येतं हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. दिवस गेले, परेड झाली नाही, आणि लांगऱ्याला कोण देतो म्हणून तो गप्प बसला. इकडे घरी पार्सल आलं. त्याची आई मैनाबाई हिनं ते उघडलं. पोरानं सुनेसाठी चांदी धाडली, दुसरं काय असणार? बंजाऱ्याच्या घरी गोल चांदीची वस्तू आली तर ती बाईच्या कांचळीवरच जाणार. सोनारानं वरची पट्टी कापली, कडी जोडली, रंगीत फितींचे गोंडे झाले. आणि सत्तेचाळीस वर्षं हिंदुस्थान सरकारची दोन मेडलं प्रत्येक तिजेला, प्रत्येक होळीला, प्रत्येक लग्नात काकाच्या डोळ्यांसमोर नाचत राहिली.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा," माझी माय म्हणाली.

आम्ही हसलो. भुरीबाई हसली नाही. ती काकाकडे एकटक पाहत होती.

"म्हंजे हे तुमी पाठोले नवते?"

काका गडबडला. "मी कायचे पाठवू? मले तं मालूमच नवतं."

"सरकारनं पाठोले?"

"हाव."

"अन् मी जलमभर पोरीसोरीइले सांगत राह्यली, का माह्या नवऱ्यानं लढाईतून धाडले म्हनून. सासूनं एका अडचणीत मोडाले मांगले तं देल्ले नाई मी. पाय धरले तिचे, पन देल्ले नाई." तिनं कांचळी गोळा करून मांडीवर घेतली. "मंग तुमी मले आजपोतर काय देलं हो?"

दुश्मनाच्या गोळ्यापुढे सरपटत गेलेला माणूस बायकोसमोर खाली मान घालून पायाचा चिखल खरवडत बसला. भुरीबाईनं दोन्ही मेडलं बाकड्यावर ठेवली, "घ्या, पाठवा तुमच्या सरकारले फोटो," म्हणाली, आणि मोकळी कांचळी घेऊन निघून गेली. त्या तिजेला ती नाचली नाही.

मी काठाचे चांगले जवळून फोटो काढले, पत्र लिहिलं, रजिस्टर डाकेनं पाठवलं. आणि मग, सरकारी काम अन् सहा महिने थांब. सहाचे बारा झाले. कापूस वेचून झाला, तूर निघाली, पऱ्हाट्या उपटून चुलीत गेल्या, पुन्हा पेरण्या झाल्या. तोवर गावात पंजाबरावनं पसरवलं की फुलचंदनं आर्णीच्या बाजारातून मेडल बनवून आणले आणि युनूसनं त्यावर नंबर ठोकला. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. माझ्याकडे नंबर ठोकायचे पंच आहेत हे खरं. पण त्या दिवसापासून मी पाटलाच्या गाडीच्या पंक्चरलाही नाही म्हटलं.

यंदाच्या श्रावणात पत्र आलं. या वेळी एक पानभर होतं. पाठवलेल्या नंबरावरून जुनी वही तपासली असता आपणांस तीन मेडलं एकाच तारखेला पाठवल्याचं दिसून येतं. पैकी दोनांचे फोटो प्राप्त. तिसरं, पश्चिमी स्टार, याच्या पाठीवरच्या नंबराचा फोटो पाठवावा, म्हणजे तिन्हींची नोंद एकत्र करता येईल. तिसऱ्याचा फोटो न आल्यास प्रकरण बंद समजण्यात येईल. म्हणजे पाठवलं यांनी, वहीत लिहिलं यांनी, विसरले हे, आणि दाखवायचं आम्ही.

मी पत्र घेऊन काकाच्या घरी गेलो. "काका, तिसरं मेडलबी होतं म्हनते. चांदनीवानी असते म्हनते, पाच टोकाचं."

काकानं कपाळावर हात मारला. चुलीपाशी भाकर थापत असलेली भुरीबाई सहज म्हणाली, "चांदनी? व्हय, होती ना. पारसलातच होती."

आम्ही दोघंही तिच्याकडे वळलो. "मंग सांगतलं काहून नाई?"

"मले कोनी इचारलं?" तिनं भाकर उलटवली. "ते पिवळी होती, चांदीची नवती. कांचळीले कोन लावते? सासऱ्यानं नेली. त्यायले बैलासाठी पाह्यजे होती."

काकाचा बाप शंकरसिंग जन्मभर पाटलाच्या घरी सालगडी होता, म्हणजे पंजाबरावच्या बापाकडे. पोळ्याला बैल सजवायचं काम मालकाचं नसतं, गड्याचं असतं. गडी आपल्या घरचा गोंडा, आपल्या घरचा रंग आणून मालकाचा बैल नटवतो, कारण वर्षभर त्याच्या मागे तोच चाललेला असतो. मालक फक्त दोरी धरून मिरवतो.

मला पाटलाची मठाटी आठवली. पाच टोकांची चांदणी. चामड्यावर ठोकून बसवलेली, पाठ कोणी कधी न पाहिलेली. सात वर्षं मी स्वतःच्या हातानं तिच्यावर सोनेरी रंगाचे थर चढवत होतो, आणि मागच्या श्रावणात ती माझ्या हातात असताना पाटील काकाला पुरावा मागत होता. चेसी नंबर पाहायची खोड सांगणारा मी मिस्त्री, हातातलं सोडून जगाचे नंबर पाहत बसलो होतो.

"आत्ता जातो अन् मांगतो," काका उठला.

"बसा खाली," भुरीबाई म्हणाली. "मांगतलं तं तो आडात टाकून देईन. पोळा परवा हाय. मठाटी आपल्या पायानं चालत येईन गावात. तोवर तोंड शिवून राहा, दोघंबी."

फौजेत पंधरा वर्षं काकानं काढली होती, पण मोहीम कशी आखायची ते त्या घरात एकट्या भुरीबाईला कळत होतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण, खाली चिखलात बैलांची रांग, शिंगांना रंग, अंगावर झुली. मानाची जोडी पंजाबरावची, म्हणून ती सगळ्यांत पुढे. यंदा मठाटी त्यानं आर्णीहून रंगवून आणली होती. माझ्यासमोरून नेताना मुद्दाम बैलाचं तोंड माझ्याकडे वळवलं.

आमच्याकडे पोळा फुटायच्या, म्हणजे बैल सुटायच्या आधी झडत्या म्हणतात. कोणीही पुढे येतो, चार ओळी जोडून ज्याला टोमणा मारायचा त्याला मारतो, आणि पोळ्याच्या दिवशी रागवायचं नाही असा रिवाज आहे. दोघा-तिघांच्या झडत्या झाल्या. मग फुलचंदकाका चिखलात पाय ओढत तोरणाखाली आला. काकानं आजवर कधी झडती म्हटली नव्हती. त्यानं कानावर हात ठेवला.

"आलू सोलले लांगऱ्यानं, गोळा खाल्ला मांडीत,
डाळ सांडली मातीमंधी, रोट्या नेल्या थंडीत!
फौजेत होता कोन गड्या, इचारा गौरा पारबतीले,
पाटलाले नाई, सलाम माहा बैलाच्या मठाटीले!"

"हर हर महादेव!" गाव ओरडलं. कोणाला काही कळलं नव्हतं, पण झडती झाली की ओरडायचं असतं. पंजाबराव तोंडभर हसला. "मठाटीले काहून बे सलाम?"

"माही हाय म्हनून," काका म्हणाला. "ते चांदनी मले फौजेनं देल्ली. माह्या बापानं तुमच्या बैलाले बांधली. काढून पाहा, पाठीवर माहा नंबर असन."

गर्दी पुढे सरकली. पंजाबरावचं हसू अर्धं राहिलं. "माह्या घराण्याच्या मठाटीले हात लावतं? अन् नंबर नाई निघाला तं?"

"नाई निघाला तं या वयात तुमच्या घरी सालगडी राहीन. माह्या बापावानी. शेन काढीन."

अठ्ठेचाळीस वर्षं, पावसाचं पाणी, बैलाचा घाम. नंबर झिजला असला तर? पण चारचौघांत पाटील आता नाही म्हणू शकत नव्हता. त्यानंच मठाटी सोडून माझ्या अंगावर फेकली. "काढ बे मिस्त्री. पन माहा आरसा फुटला तं याद राख."

पेचकस मी खिशात घालूनच आलो होतो. चारही खिळे उचकटले. चांदणी चामड्यापासून सुटली तेव्हा तिच्या पाठीवर काळी बुरशी होती, पण चामड्याखाली झाकलेली असल्यानं रंगाचा थेंबही नव्हता. मी ती सदऱ्याच्या टोकानं घासली.

"वाच!" गर्दीतून कोणी ओरडलं.

"थांब, मिस्त्री. तू नको वाचू," काका म्हणाला. "तू फक्त पाह्यजो." आणि त्या शहात्तर वर्षांच्या लांगऱ्यानं गावापुढे ताठ उभं राहून आपला नंबर म्हणायला सुरुवात केली. "एक. तीन. सात. चार. शून्य. आठ. पाच."

मी एकेका आकड्यावर बोट ठेवत गेलो. सातही बरोबर होते. पुढे नाव होतं. ते वाचायला मी चांदणी शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या मास्तरांच्या हातात दिली, आणि त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

बैलांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. काकानं पाय जुळवले. डावा पाय जुळायला वेळ लागला. मग त्यानं कडक सलाम ठोकला. पंजाबराव समोरच दोरी धरून उभा होता. सवयीनं त्याचा हात सलाम घ्यायला कपाळापर्यंत गेला.

"तुमाले नाई, पाटील. सरका बाजूले," काका म्हणाला. "बैलाले केला. रेकॉर्ड ऑफिसनं नाई सांभाळलं, गावानं नाई सांभाळलं. या जनावरानं अन् याच्या बापजाद्यानं सांभाळलं. गावात इमानाचं एवढंच एक घर हाय."

इतकं हसू मी त्या मैदानात आजवर ऐकलं नाही. त्यात मागच्या वर्षापर्यंत काकाला हसणारेच सगळ्यांत पुढे होते, आणि ते मी विसरणार नाही. गावाचं हसू म्हणजे वाऱ्यावरचं भुसकट, ज्या अंगाला वारा त्या अंगाला जातं. पंजाबरावचा बैल उघड्या कपाळानं तोरणाखालून गेला आणि पोळा फुटला.

दिवाळीआधी पत्र आलं. तिन्ही मेडलं नोंदीत चढली होती, खाली सही होती, आणि माफीचा एक शब्द नव्हता. कमिटीला शिळेवर नाव कोरावं लागलं. पंजाबरावनं पाथरवटाला मुद्दाम सांगितलं की नावापुढे 'लांगरी' असंही कोर. काकानं ते वाचलं आणि खूश होऊन पाथरवटाला चहा पाजला. "बराबर लिवलं," म्हणाला. "तेच तं होतो मी."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला, मागे भुरीबाई, तिच्या हातात कांचळी. काकानं तिन्ही मेडलं बाकड्यावर मांडली. कपाटात ठेवायला काचेची पेटी घ्या, असं त्याला मास्तर सांगून गेले होते.

"पेटी कायले?" काका बायकोकडे न पाहता म्हणाला. "रेकॉर्डवर आले, आता जिथल्या तिथं लाव. हे घे. आता मी देल्ले तुले."

भुरीबाईनं एकेक उचलून पदरानं पुसलं. चांदणी तिनं मधोमध धरून पाहिली.

"अठ्ठेचाळीस वर्सं लागले तुमाले," ती म्हणाली. "सरकारपक्षा ढिले हा तुमी." मग ती माझ्याकडे वळली. "कडी मजबूत लावजो, मिस्त्री, अन् काठाले कानस नको लावू. पह्यले सरकारचे होते, हालले तं हालले. आता माह्या नवऱ्यानं देल्ले हायेत."